मिडलँडचा सहा चाकी डबा, १:४३.५ स्केल: पावसाळ्यात कार्डाच्या बाजू वाकल्या, मदत हवी

चाकोरी:

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

मी एक रेल्वेचा डबा बनवतोय. इंग्लंडच्या मिडलँड रेल्वेचा, १८८० च्या आसपासचा सहा चाकी थर्ड क्लास. डर्बीच्या कारखान्यात क्लेटन म्हणून कॅरेज सुपरिंटेंडेंट होते, त्यांच्या काळातलं डिझाइन. मूळ डबा ३१ फूट लांब, ८ फूट रुंद, आत पाच कंपार्टमेंट, प्रत्येकाला दोन्ही बाजूंना स्वतःचं दार आणि एका कंपार्टमेंटमधून दुसऱ्यात जायची सोयच नाही, एकदा बसलात की पुढच्या स्टेशनपर्यंत तिथेच. मी फुटाला ७ मिमी घेतलेत, म्हणजे १:४३.५, त्यामुळे माझा डबा २१७ मिमी लांब आणि ५६ मिमी रुंद.

आता एवढ्या जुन्या विलायती डब्याच्या मागे का लागलोय ते सांगतो. बाबा रेल्वेत टीएक्सआर होते, म्हणजे डबे तपासणारे ट्रेन एक्झामिनर, शेवटची बरीच वर्षं घोरपडीच्या यार्डात. हातोडी घेऊन गाडीच्या कडेकडेने चाकं ठोकत जायचे, आवाजावरून टायर म्हणजे चाकावरची पोलादी धाव ढिली आहे का, तडा आहे का ते ओळखायचं. आता ८१ वर्षांचे आहेत आणि काचबिंदूने नजर जवळजवळ गेली, उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. पण हात अजून तसेच आहेत. कुठलीही वस्तू दिली की बोटांनी वाचतात. कर्वे रोडवरचं जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम १९९८ ला सुरू झालं तेव्हा मी शाळेत होतो, बाबाच घेऊन गेले होते आणि प्रत्येक सिग्नल का पडला ते मला कानात सांगत होते. तो दिवस माझ्या डोक्यातून कधी गेलाच नाही.

मागच्या दिवाळीत मी त्यांना एक तयार मॉडेल आणून दिलं, छान होतं दिसायला, रंगसंगती अगदी बारीक. बाबांनी दोन्ही हातांत धरून फिरवलं, बाजूवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "गुळगुळीत आहे रे. डबा कुठाय?" सगळ्या पट्ट्या, दारं, नुसती छापलेली होती. त्यांच्या हाताला काहीच लागलं नाही.

तेव्हा ठरवलं की असा डबा करायचा ज्याच्या अंगावर सगळं उठावाचं असेल. आणि शोधत गेलो तेव्हा कळलं की यात व्हिक्टोरियन काळातल्या लाकडी डब्यांसारखं दुसरं काही नाही. बाबांनी आयुष्यभर हाताळले ते आयसीएफचे (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचे) पत्र्याचे डबे बाहेरून सपाट. आणि हे बघा, प्रत्येक दाराभोवती, खिडकीभोवती बिडिंग पट्ट्या, दाराच्या वर झडपांचे व्हेंटिलेटर, पितळी हँडलं, धरायच्या कड्या, छपरावर दिव्यांच्या टोप्या, खाली डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन-दोन फळ्यांच्या पायऱ्या. बोटांनी बघायलाच बनवलेत असं वाटतं.

अडचण अशी. बाजू मी ३०० जीएसएम कार्डच्या केल्या, दोन थर, आतला पूर्ण आणि बाहेरचा पट्ट्या सोडून पॅनेल कापून काढलेला, फेव्हिकॉलने चिकटवले, वरून प्रायमर मारला. मे महिन्यात सरळसोट होत्या. जुलैत पाऊस लागला आणि आठवड्यात दोन्ही बाजू केळ्यासारख्या वाकल्या, मध्ये चांगला ४ मिमी बाक. दुसरा सेट केला, त्याचंही तेच झालं. दोन्ही मिळून जवळपास साठ तासांचं कापकाम गेलं.

तर कार्डच ठेवू का प्लास्टिकवर जाऊ? पट्टीची जाडी किती धरू म्हणजे बोटाला नीट लागेल? आणि सहा चाकांपैकी मधली जोडी अधांतरी राहते किंवा मग डबा तिच्यावर डुगडुगतो, त्याचं काय करतात? लेआउट वगैरे नाहीये माझा, दीड मीटरचा सरळ रूळ फळीवर ठोकून देणार आहे, बाबा हाताने पुढे-मागे ढकलतील तेवढंच.

थाऊवाला:

आधी तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. मी पिंपरीला टूलरूममध्ये होतो, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे हात आणि मायक्रोमीटर यांच्यावर विश्वास ठेवणारा माणूस आहे, बाबांचं म्हणणं मला पटकन कळलं.

कार्ड वाकलं त्यात तुमच्या कापण्याची चूक नाही, पाण्याची आहे. कागदाला धागा असतो, लाकडासारखाच. एक तुकडा फाडून बघा, एका दिशेने सरळ फाटतो आणि दुसऱ्या दिशेने वेडावाकडा, सरळ फाटतो ती धाग्याची दिशा. दमट हवेत कागद धाग्याच्या लांबीत फारसा वाढत नाही, आडवा वाढतो. तुम्ही धागा उभा ठेवून कापलं असणार, म्हणजे २१७ मिमीच्या लांबीतच सगळी फूग आली. त्यात प्रायमर फक्त बाहेरून मारला, ती बाजू बंद झाली, आतली उघडी राहिली आणि पाणी पीत राहिली, मग वाकणार नाही तर काय होणार. कार्डच वापरायचं असेल तर धागा आडवा म्हणजे डब्याच्या लांबीच्या दिशेत, दोन्ही बाजूंना एकाच दिवशी सीलर, आणि बाजू सुट्या ठेवायच्याच नाहीत, लगेच आडव्या भिंती घालून पेटी करून टाकायची. पाच कंपार्टमेंट म्हणजे मधल्या चार आणि टोकाच्या दोन अशा सहा भिंती आयत्या मिळतात, त्याच डब्याला सरळ धरतात.

पण बाबा रोज हातात घेणार असतील तर माझं मत प्लास्टिक. हाताचा घाम कार्डाला फार दिवस मानवत नाही. हिप्स शीट मागा, हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीन. सनबोर्ड नको, तो फोम आहे, बोटाने दबतो. पीव्हीसी शीटही नको, स्टायरीनचा सिमेंट म्हणजे चिकटवायचं सॉल्व्हंट त्याला धड धरत नाही.

पट्टीचं गणित असं करा. मूळ डब्यावर पट्टी साधारण अर्धा इंच पुढे आली आहे असं धरलं तर सात मिलीच्या स्केलला ०.२९ मिमी, म्हणजे साडेअकरा थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). चार मिलीच्या स्केलला तीच पट्टी साडेसहा थाऊ होते आणि वर रंगाचे तीन-चार हात बसले की कोपरे भरून जातात, म्हणून तुम्ही मोठं स्केल घेतलंत ते उत्तम केलंत. बाहेरच्या थराला दहा थाऊ शीट मिळाली तर तीच घ्या, आणि रंग पातळ करून मारा. बाबांसाठी म्हणून पट्टी मुद्दाम जाड करू नका, नंतर दारं आणि हँडलं तिच्यापुढे बुडाल्यासारखी लागतील. टूलरूममध्ये दोन तुकड्यांच्या जोडावर एक-दोन थाऊची पायरी असली तरी नखाला कळते, त्यांच्या बोटाला दहा थाऊ म्हणजे जिना आहे.

थर तीन करा, दोन नको. बाहेरचा जाळीचा दहा थाऊ, मधला वीस, आणि आतून परत दहा. दोन्हीकडून ओढ सारखी राहते. मधल्या आणि आतल्या शीटला जागोजागी दीड-दोन मिमीची भोकं पाडून ठेवा, नाहीतर सॉल्व्हंटची वाफ थरांमध्ये अडकते आणि दोन-तीन महिन्यांनी शीट फुगते. हे मी स्वतः भोगलंय एका वॅगनवर. आणि सिमेंट लावताना खिडक्या उघड्या, बाबा दुसऱ्या खोलीत. अ‍ॅक्रिलिकवाले क्लोरोफॉर्म म्हणून जे देतात ते घरात वापरूच नका.

डब्याची बाजू कमरेखाली आत वळलेली असते, घोड्याच्या बग्ग्या बनवणाऱ्यांकडून आलेली पद्धत, तो बाक चुकवू नका कारण हाताला सगळ्यात आधी तोच कळणार. पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर तिन्ही थर एकत्र बांधून त्याच अवस्थेत चिकटवले आणि दोन दिवस तसेच ठेवले की आकार धरून राहतात.

मधल्या चाकांचं सोपं आहे. सहा चाकं घट्ट बसवली तर रूळ कितीही सपाट असला तरी डबा डुगडुगणार. एका टोकाची जोडी घट्ट, दुसऱ्या टोकाची मध्यावर टेकवून डोलणारी, म्हणजे डबा तिवईसारखा तीन ठिकाणी टेकतो आणि तिवई कधी डुगडुगत नाही. मधल्या जोडीचे अ‍ॅक्सलबॉक्स, म्हणजे अ‍ॅक्सलची टोकं ज्यात फिरतात त्या पेट्या, उभ्या खाचेत मोकळे ठेवा, अर्धा मिमी वर-खाली, आणि पातळ स्प्रिंगच्या तारेने हलकंसं खाली दाबा, चाक रुळावर फिरत राहील पण वजन घेणार नाही. वळणावर चालवायचा असता तर क्लेमिन्सनची पद्धत सांगितली असती, त्यात मधली जोडी आडवी सरकते आणि ती सरकली की टोकाच्या दोन्ही जोड्या वळणाप्रमाणे फिरतात, खऱ्या डब्यांवरही ती वापरली गेली. दीड मीटर सरळ रुळाला गरज नाही.

घाटमाथा:

सुंदर प्रोजेक्ट आहे, मनापासून शुभेच्छा. पण पुण्यात बसून मिडलँड का हा प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. व्हिक्टोरिया राणी १८३७ ते १९०१, म्हणजे आपली जीआयपीसुद्धा (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) त्याच काळात सुरू झालेली. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी गेली तेव्हा १४ डबे होते. पुण्यात गाडी आली १४ जून १८५८ ला, पण फक्त खंडाळ्यापर्यंत. मधला घाट तेव्हा व्हायचा होता, मुंबईकडून येणारा माणूस खोपोलीला उतरायचा, पालखी किंवा तट्टू करून घाट चढायचा आणि खंडाळ्याला परत डब्यात बसायचा. बोरघाट गाडीसाठी खुला झाला १८६३ ला, ३७ ला १ असा चढ, २५ बोगदे, आणि मध्ये रिव्हर्सिंग स्टेशन, तिथे गाडीचं तोंड बदलायचं. तुमच्या बाबांना घाटाचं वेगळं सांगायला नको.

त्यात एक गंमतशीर हिशोब आहे तो इथल्या मॉडेलवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. आपला ब्रॉडगेज ५ फूट ६ इंच. एचओ स्केलचा तयार रूळ १६.५ मिमीचा मिळतो, तो विलायती ४ फूट साडेआठ इंचाच्या गेजसाठी आहे, त्यामुळे १:८७ मध्ये ब्रॉडगेज करायचा तर रूळ १९.३ मिमीचा लागतो आणि तो हाताने टाकावा लागतो. पण फुटाला ३ मिमी असं स्केल घेतलं तर साडेपाच गुणिले तीन, बरोबर १६.५. म्हणजे बाजारातला साधा रूळ आणि साधी चाकं घेऊन तंतोतंत ब्रॉडगेज. सात मिलीला मात्र ३८.५ येतो, म्हणजे चाकांच्या जोड्या स्वतः कराव्या लागतील.

जीआयपीच्या जुन्या डब्यांत उन्हासाठी खिडक्यांवर छज्जे, झडपांच्या शटर असायच्या, त्याही बोटांना छान लागतील. आणि कधी दिल्लीला गेलात तर राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात प्रिन्स ऑफ वेल्ससाठी १८७५ ला केलेलं सलून आहे ते बघा, आपल्याकडे त्या काळात लाकडात काय दर्जाचं काम होत होतं ते कळतं.

चाकोरी:

थाऊवाला काका, तुमचं उत्तर बाबांना वाचून दाखवलं, दोनदा वाचायला लावलं. "दहा थाऊ म्हणजे जिना" याला जोरात मान हलवली. धाग्याचं तुम्ही म्हणालात ते तपासलं, उरलेलं कार्ड फाडून बघितलं, खरंच उभाच धागा होता.

घाटमाथा, जीआयपीचा मोह मलाही आहे. पण मिडलँडच्या डब्यांची कारखान्यातली मूळ ड्रॉइंग लोकांनी जपून ठेवलीत, प्रत्येक पट्टीचं माप मिळतं, आणि बाबांना चुकीचं माप हातात द्यायचं नाहीये. तीन मिलीचा हिशोब भारी आहे, पण तो डबा ९३ मिमीचा होईल, बाबांच्या तळहाताएवढाच, दारं बोटाखाली हरवतील.

आता बाबांचे प्रश्न. त्यांना मी परवा सांगितलं की या डब्यांची चाकं मधून लाकडाची असायची, तर त्यांना ते पटेचना. ते म्हणतात, "लाकूड आकसतं, फुगतं, मग त्यावर टायर टिकणार कसा? टायर ढिला झाला की गाडी गेलीच." मला नीट सांगता आलं नाही. दुसरं, मी रूळ हातात दिला तर म्हणाले, "ही छोटी लाईन कशाला घेतलीस?" तेव्हा समजावलं की विलायतेचा नेहमीचा गेजच आपल्यापेक्षा साडेनऊ इंच अरुंद.

आणि हो, मी सारखा "बोगी" म्हणत होतो तर त्यांनी थांबवलं. म्हणाले, सगळं पुणं डब्याला बोगी म्हणतं पण बोगी म्हणजे खालचा चाकांचा फिरता गाडा, तुझ्या या डब्याला बोगी नाहीच आहे, चाकं थेट फ्रेमला आहेत. बरोबरच आहे.

सुतारपक्षी:

मी फर्निचरवाला, घराण्यातच सुतारकाम आहे, त्यामुळे प्लास्टिकबद्दल बोलणार नाही, थाऊवाल्यांनी सांगितलंय ते योग्यच असेल. पण छप्पर लाकडाचं करा अशी विनंती. मूळ डब्याचं छप्पर म्हणजे लाकडी फळ्या, त्यावर कॅनव्हास ताणून बसवलेला आणि वरून पांढऱ्या शिशाच्या रंगाचे हात. बाजू थंड गुळगुळीत आणि छप्पर कापडासारखं, हा फरक बाबांच्या हाताला मिळायलाच हवा. मी असं करीन: प्लायच्या सात-आठ कमानी, त्यावर दोन-अडीच मिमी रुंद पातळ पट्ट्या एकमेकींना लावून, घासून एकसंध, मग पातळ केलेल्या फेव्हिकॉलने टिश्यू पेपर. सुकला की हलकी दाणेदार कातडी तयार होते. सागाच्या व्हिनिअरची कात्रणं भवानी पेठेत टिंबर मार्केटला कुणीही देईल, ओळखीने फुकटसुद्धा.

रंग पांढरा ठेवायचा का राखाडी हे तुम्ही ठरवा. कारखान्यातून निघताना छप्पर पांढरं असायचं पण कोळशाच्या धुरातला गंधक शिशाला लागला की काळपट पडायचं, त्यामुळे रोज धावणारा डबा वरून राखाडीच दिसायचा. बाबांना दिसणार नाही हे खरं, पण घरात बाकीचे बघणार आहेत आणि बाबा विचारणारच, कुठला रंग दिलास म्हणून.

छपरावरचे दिवे विसरू नका. तेलाचे दिवे वरून भोकात सोडायचे, माणूस छपरावर चढून एकेक दिवा बसवत जायचा. टोपी साध्या खिळ्याच्या डोक्यावर वळवलेल्या पितळी पत्र्याची करता येईल.

आता रंगाचं, हे मला फार आवडतं म्हणून सांगतो. मिडलँडचा रंग क्रिमसन लेक. यातला लेक म्हणजे तळं नव्हे, आपली लाख. झाडावरच्या किड्यांपासून लाख मिळते, तिच्यातून लाल रंग निघतो, तो शब्द इकडून फिरत फिरत तिकडे लेक झाला. आणि क्रिमसन आणि आपला किरमिजी हे एकाच मुळातले, तोही किड्यापासूनचाच रंग. म्हणजे डर्बीच्या डब्याच्या रंगाचं नाव मराठीत किरमिजी लाख एवढंच होतं. बाबांना हे नक्की सांगा.

तोच धागा पुढे. कार्डाची उरलेली कामं असतील, आतल्या भिंती वगैरे, तर चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून दोन्हीकडून दोन-दोन हात द्या, कार्ड पत्र्यासारखं कडक होतं आणि दमट हवा आत शिरत नाही. मात्र पाऊस चालू असताना हात मारू नका. स्पिरिट उडताना हवेतलं पाणी धरतं आणि पॉलिश पांढरं पडतं, आम्ही भर पावसात स्पिरिट पॉलिशचं काम घेतच नाही. चार दिवस ऊन पडेपर्यंत थांबा किंवा हेअर ड्रायरने कार्ड आधी गरम करून घ्या.

मुक्ता_एरंडवणे:

मी आर्किटेक्चरची मॉडेल्स करते, त्यामुळे कटिंगबद्दल दोन गोष्टी. साठ तासांचं कापकाम वाचून वाईट वाटलं. बाहेरची जाळी लेझरवर कापता येईल, पण स्टायरीन लेझरवर वितळतं, कडा गोळा होतात, आणि पीव्हीसी तर लेझरवाल्याला देऊच नका, क्लोरीनचे विषारी धूर निघतात. लेझरला कार्ड, पातळ एमडीएफ, व्हिनिअर, अ‍ॅक्रिलिक चांगलं. म्हणजे तुम्हाला निवडायला लागेल, हिप्स घेतलंत तर हाताने. मी तुमच्या जागी असते तर हाताने कापलं असतं पण वेगळ्या क्रमाने. जाळी अख्खी कापायच्या ऐवजी मधल्या शीटवर पेन्सिलने आखून एकेक पट्टी चिकटवायची. एक मिमी रुंदीच्या पट्ट्या आधी ढीगभर कापून ठेवायच्या, आडव्या लांब पट्ट्या पहिल्यांदा, मग उभ्या त्यांच्यामध्ये. एक पट्टी चुकली तर तेवढीच काढता येते, सगळी बाजू जात नाही. थाऊवाला काकांचा बाक पाइपवर आधी देऊन मग पट्ट्या लावा. पॅनेलचे कोपरे गोल असतात, तिथे पट्टीच्या आतल्या कोनात सिमेंटमध्ये विरघळवलेल्या स्टायरीनचा ठिपका ठेवून सुकल्यावर गोल कानशीने घासायचा.

पट्ट्या मुळात का होत्या हेही बाबांना सांगायला आवडेल तुम्हाला. पॅनेल पातळ महोगनीची, दोन पॅनेलचा सांधा उघडा राहिला तर पाणी आत जाऊन लाकूड कुजणार, म्हणून सांध्यावर पट्टी. म्हणजे बाबा बोटाने पट्टी शोधतील तेव्हा त्यांना डब्याचे सांधे सापडत असतील, नुसती नक्षी नाही.

स्प्रिंगा आणि अ‍ॅक्सलबॉक्स रेझिन प्रिंट करून घ्या, सहाही सारख्या येतील. आतल्या बाकड्यांना थर्ड क्लासमध्ये काय होतं ते बघून घ्या. मिडलँडने १८७५ च्या सुरुवातीला सेकंड क्लासच काढून टाकला आणि थर्डला गाद्या दिल्या, त्यामुळे तुमच्या डब्यात नुसत्या फळ्या नकोत. दार उघडणारं केलंत तर बोट आत जाईल, तिथे वेल्वेटचा कागद लावा.

थाऊवाला:

बाबांच्या प्रश्नाला उत्तर. प्रश्न अगदी अचूक आहे, टीएक्सआरलाच सुचणार.

त्या चाकाला मॅन्सेल चाक म्हणतात, १८४८ चं पेटंट. मध्ये लोखंडी हब, त्याभोवती सागवानाचे सोळा पाचरीसारखे तुकडे, आणि बाहेर टायर. लाकूड दाबून बसवलेलं असतं, पण टायर नुसत्या दाबावर टिकवलेला नाही. टायरच्या आतल्या कडेला खाच असते, दोन्ही बाजूंनी लोखंडी कड्या त्या खाचेत अडकतात आणि कड्यांमधून लाकडाच्या आरपार बोल्ट जातात. म्हणजे टायर ढिला झाला, अगदी तुटला तरी कड्या त्याला धरून ठेवतात, तुकडा उडून जात नाही. लाकडामुळे आवाजही कमी. याची किंमत लोकांना कळली ती २४ डिसेंबर १८७४ ला, ऑक्सफर्डजवळ शिप्टनला. एका जुन्या चार चाकी डब्याचा टायर तुटला, तो मॅन्सेल पद्धतीचा नव्हता, गाडी कोसळली आणि ३४ माणसं गेली. त्यानंतर मॅन्सेल चाकांचं महत्त्व सगळ्यांना पटलं. बाबांना सांगा की त्यांची भीती रास्तच होती, आणि साग काही विलायतेत उगवत नाही, तो ब्रह्मदेशातून, आपल्याकडून जायचा.

सात मिलीच्या स्केलची मॅन्सेल चाकं तयार मिळतात, लाकडाचे सोळा तुकडे आणि बोल्टची डोकी उठावात. मूळ ३ फूट ७ इंच, म्हणजे तुमच्याकडे २५ मिमी. ही मात्र मागवा, लेथवर करायच्या नादी लागू नका. कस्टम लागेल, त्यामुळे बफर, कपलिंग सगळं एकाच पार्सलमध्ये मागवा.

अजून एक ठरवून टाका, डबा नक्की कुठल्या सालचा. १२ जून १८८९ ला आयर्लंडमध्ये आर्माला अपघात झाला, चढावर गाडी तोडली, मागचे डबे उलटे घरंगळले, ८० माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. त्याच वर्षी कायदा आला, प्रवासी गाडीला सलग आणि आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा. म्हणजे १८८९ नंतरचा डबा दाखवलात तर टोकाला व्हॅक्यूमचा पाइप हवाच. बाबांनी निम्मी नोकरी व्हॅक्यूम ब्रेकवर काढली असणार, होज पाइप हाताला लागला की ते ओळखतील.

चाकोरी:

सगळ्यांचे खूप आभार, आणि उशिरा लिहितोय त्याबद्दल माफ करा, काम चालू होतं.

मुक्ताताईंच्या पद्धतीने एका कंपार्टमेंटपुरता नमुना केला, एक दार आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या, हिप्सचे तीन थर, पाइपवर बाक दिलेला. पट्ट्या दहा थाऊच. अजून रंग नाही, नुसतं पांढरं प्लास्टिक. रविवारी सकाळी चहाच्या वेळी काही न बोलता बाबांच्या हातात ठेवला. त्यांनी आधी खालचा बाक ओळखला, मग अंगठ्याने पट्टी धरली आणि तिच्या कडेकडेने पूर्ण दाराला चक्कर मारली, खिडकीपाशी थांबले, परत फिरले. मग म्हणाले, "डाव्या खिडकीच्या वरची पट्टी उजवीपेक्षा खाली आहे." व्हर्निअर लावून बघितलं, ०.२ मिमी खाली होती. मला डोळ्यांनी दिसली नव्हती. ती काढून परत लावली.

चाकाचं काकांचं उत्तर वाचून दाखवलं तेव्हा शिप्टनपाशी गप्प झाले बराच वेळ. नंतर त्यांच्या नोकरीतली एक रात्र सांगितली, एका चाकाचा आवाज बद्द आला म्हणून डबा काढायला लावला होता, गाडी चाळीस मिनिटं थांबली आणि वरून बोलणी बसली. ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. किरमिजी लाखेचं ऐकून म्हणाले, मग रंग विकतचा आणू नकोस, नीट जुळवून कर. आणि साल १८९० ठरलं, व्हॅक्यूम पाइप लावायचाच असा त्यांचा हट्ट आहे. पिवळी रेघ ओढायला त्यांच्या जुन्या कंपासपेटीतलं रूलिंग पेन काढून दिलंय, टोकं दगडावर घासून घेतली, छान चालतंय.

आता अडलोय ते एवढ्यावर. दहा दारांना दहा हँडलं आणि वीस कड्या लावायच्या आहेत, त्यासाठी ०.६ किंवा ०.७ मिमीचं ड्रिल बिट आणि हाताने फिरवायचा छोटा चक हवा. बोहरी आळीत दोन दुकानांत विचारलं, एक मिमीच्या खाली त्यांच्याकडे नव्हतं. तपकीर गल्लीत पीसीबीच्या (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डच्या) ड्रिलवाल्यांकडे मिळेल का, कुणी अलीकडे आणलंय का? शनिवारी तिकडे जायचा विचार आहे.

मुक्ता_एरंडवणे:

हो, पीसीबीची बिट्स मिळतात, ०.६ पासून पुढची, पण ती कार्बाइडची असतात, जरा तिरकी झाली की मोडतात, हाताच्या चकमध्ये तर लगेच. हायस्पीड स्टीलचीच मागा आणि एका मापाची चार-पाच घ्या. माझ्याकडे हाताचा चक जादा आहे, शनिवारी तिकडे जाताना एरंडवण्यावरूनच जाल ना, घेऊन जा.